उंदरावर प्रोटीन सी चा अभ्यास करायचा आहे? मग आधी सुईचं बघा

दर पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली की एमएस्सीची, फार्मसीची, व्हेटरनरीची पोरंपोरी विचारतात, सर रक्त गोठण्यावर प्रोजेक्ट करायचा आहे, प्राण्यांवर करायचा आहे, कुठून सुरू करू. बहुतेक आर्वी, वणी, ब्रह्मपुरी, देसाईगंज अशा गावांकडची, कॉलेजात लॅब आहे पण अॅनिमल हाऊस नाही, गाइड म्हणतो तूच बघ बापा. एकेकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहून टाकतो. मी प्रोटीन सी धरून लिहून राहिलो, पण रक्त गोठण्याला आवर घालणारी याच कामातली दुसरी प्रोटीनं, म्हणजे अँटीथ्रोम्बिन घ्या, प्रोटीन एस घ्या, थ्रोम्बोमोड्युलिन घ्या, बरंचसं हेच लागू पडतं.

आधी हे प्रोटीन करतं काय ते. लिव्हरमध्ये बनतं, बनायला व्हिटॅमिन के लागतं, आणि रक्तात निष्क्रिय पडून असतं. १९७६ मध्ये स्वीडनच्या योहान स्टेनफ्लो यांनी गाईबैलाच्या प्लाझ्मातून ते वेगळं काढलं. रक्त गोठवणारा मुख्य गडी म्हणजे थ्रोम्बिन. पण हाच थ्रोम्बिन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर बसलेल्या थ्रोम्बोमोड्युलिनला चिकटला की त्याची वागणूकच बदलते, गोठवणं सोडतो आणि प्रोटीन सी ला जागं करतो. जागं झालेलं प्रोटीन सी, ज्याला सगळे एपीसी म्हणतात, प्रोटीन एस ला सोबत घेऊन फॅक्टर पाच आणि फॅक्टर आठ यांचं चालू रूप कापून टाकतं, मग नवा थ्रोम्बिन बनणं थांबतं. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर कसा, ज्या करंटवर मोटर चालते तोच करंट जास्त झाला की ट्रिप होतो, तसं आहे हे.

आता प्राणी काहून लागतो? चार्ल्स एस्मॉन आणि व्हाइट ओवेन यांनी १९८१ मध्ये थ्रोम्बिन आणि प्रोटीन सी सशाच्या हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून सोडून पाहिलं. ट्यूबमध्ये दोन्ही एकत्र केले तर एपीसी अगदी रडतखडत बनतं, हृदयातून गेलं की भराभर बनतं. कारण अस्तर वाहिनीत असतं, ट्यूबमध्ये नसतं. म्हणून तुमचा प्रश्न अस्तराशी, वाहत्या रक्ताशी, सूजेशी संबंधित असेल तरच उंदीर घ्या. नुसतं "अमुक झाडपाल्याच्या अर्कानं रक्त गोठायला वेळ लागतो का" इतकंच पाहायचं असेल तर ते माणसाच्या प्लाझ्मावर ट्यूबमध्ये होतं, उगाच प्राणी मारू नका.

आपल्या भागात या विषयाला चांगलं निमित्तही आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यात सिकलसेल किती आहे ते सांगायला नको, घरोघरी लाल-पिवळी कार्डं आहेत. सिकलसेलच्या पेशंटचं रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं आणि त्यांच्यात प्रोटीन सी, प्रोटीन एस कमी सापडतं हे बऱ्याच ठिकाणी दिसलंय. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनचे आजार पाहणारं केंद्रही आहे. टाउन्स उंदीर म्हणून एक जात मिळते, तिच्यात उंदराच्या हिमोग्लोबिनच्या जीनच्या जागी माणसाचे सिकलवाले जीन घातलेले असतात. ते मागवायला पैसा अन् परवानगी दोन्ही लागतं, पण मोठ्या संस्थेसोबत जोडून काम करायचं असेल तर विषय डोळ्यासमोर असू द्या.

प्रश्न लहान ठेवा. "प्रोटीन सी कमी झाल्यावर काय होतं" हा प्रश्न नव्हे, तो पुस्तकाचा धडा आहे. "प्रोटीन सी कमी असताना शिरेत गुठळी मोठी होते का, ४८ तासांनी वजन किती भरतं" हा प्रश्न. त्याला उत्तर येतं, ग्राफ येतो, आणि आयएईसीच्या, म्हणजे संस्थेच्या प्राण्यांसाठीच्या एथिक्स कमिटीच्या, मीटिंगमध्ये कोणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगता येतं.

आता कमी करायचं कसं. नवशिक्याला वाटतं नॉकआउट, म्हणजे तो जीनच बंद केलेला, उंदीर आणला की काम झालं. तर प्रोटीन सी पूर्ण काढलेलं पिल्लू जन्मल्यावर दिवसभरातच मरतं, अंगभर गुठळ्या आणि रक्तस्राव एकाच वेळी. थ्रोम्बोमोड्युलिन पूर्ण काढलं तर गर्भ साडेआठव्या दिवसाच्या सुमारास जातो, हृदय-रक्तवाहिन्या नीट कामाला लागायच्या आधीच. अँटीथ्रोम्बिनचा गर्भ पंधरा-सोळा दिवसांवर जातो. म्हणजे ही प्रोटीनं इतकी मोक्याची आहेत की पूर्ण काढून अभ्यास करायला प्राणीच उरत नाही. म्हणून अर्धवट कमी असलेले वापरतात, एक जीन चालू अन् एक बंद. किंवा जीन काढण्याऐवजी एकच अमिनो आम्ल बदललेले, जसे थ्रोम्बोमोड्युलिनचे प्रो उंदीर, ज्यांच्यात ते असतं पण प्रोटीन सी ला नीट जागं करत नाही. तिसरा रस्ता म्हणजे मोठ्या, धडधाकट उंदराला एसआयआरएनए, म्हणजे एखाद्या जीनचं काम दाबणारे आरएनएचे बारीक तुकडे, देऊन लिव्हरमधलं उत्पादन बंद करायचं. हॉलंडमध्ये लायडनच्या मंडळींनी अँटीथ्रोम्बिन आणि प्रोटीन सी दोन्ही असे बंद केले तर काही दिवसांतच डोक्याकडच्या मोठ्या शिरांत आपोआप गुठळ्या झाल्या, कुठे जखम करायची गरज पडली नाही. मला हा रस्ता सगळ्यात आवडतो, कारण गर्भाची भानगड नाही आणि आधी-नंतर असं त्याच जातीत पाहता येतं. महाग मात्र आहे.

वॉरफरिन देऊन प्रोटीन सी कमी करू असं कोणी ना कोणी म्हणतंच. करू नका. वॉरफरिननं व्हिटॅमिन के वाले सगळेच फॅक्टर पडतात, दोन, सात, नऊ, दहा आणि त्यांच्यासोबत प्रोटीन सी, एस. माणसात प्रोटीन सी चं अर्धआयुष्य ८ तासांच्या आसपास, प्रोथ्रोम्बिनचं ६० तासांच्या आसपास, म्हणून सुरुवातीला प्रोटीन सी आधी पडतं आणि थोडा काळ उलट गोठण्याकडे कल जातो, पेशंटची कातडी काळी पडण्याचा जो दुर्मीळ त्रास आहे तो यातूनच. विषय भारी आहे, पण त्यात फक्त प्रोटीन सी चा परिणाम कोणता ते तुम्हाला वेगळं काढता येणार नाही.

परवानगीचं थोडक्यात. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखाली सीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती, जिला आधी सीपीसीएसईए म्हणायचे. नोंदणी असलेल्या अॅनिमल हाऊसमध्येच काम करायचं, संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी भरायचा, मंजुरी आल्याशिवाय एकही उंदीर हातात घ्यायचा नाही. शेतातला नाहीतर धान्याच्या कोठीतला उंदीर धरून आणला तर चालत नाही, त्याचं वय, जात, आजार काहीच माहीत नसतं आणि तो काय खाऊन आला तेही नाही. फॉर्ममध्ये दोन गोष्टींवर पोरं अडकतात. एक, इतकेच प्राणी काहून, याचं गणित. दुसरं, प्राण्याला कुठल्या टप्प्यावर त्रासातून सोडवायचं ते आधीच लिहिलेलं पाहिजे, वजन इतकं घटलं, हालचाल बंद झाली, श्वास असा झाला की थांबायचं. "मरेपर्यंत पाहू" असं लिहाल तर फॉर्म परत येईल, आणि यायलाच पाहिजे.

कॉलेजला अॅनिमल हाऊस नसेल तर नोंदणीवाल्या संस्थेतल्या कोणासोबत तरी जोडून घ्या, नागपूरला व्हेटरनरी कॉलेज आहे, सेवाग्रामला मेडिकल कॉलेज आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे, आधी ईमेल करा मग जा, सरळ दारात जाऊन उभे राहू नका. तोवर हात बसवायला बकऱ्याचं रक्त चालतं. खाटकाकडे सायट्रेट (रक्त गोठू न देणारं मीठ) घातलेली प्लास्टिकची बाटली घेऊन जायचं, पण एक लक्षात ठेवा, गळ्यातून वाहून आलेल्या रक्तात मांसातला टिश्यू फॅक्टर मिसळतो आणि गोठणं आधीच सुरू झालेलं असतं. प्लाझ्मा वेगळा करणं, पिपेट धरणं, स्टॉपवॉच लावणं याची प्रॅक्टिस होईल, त्याचे आकडे थिसिसमध्ये टाकू नका.

अॅनिमल हाऊस असेल तर उन्हाळ्याचा विचार आधी करा. उंदरांना २२ ते २४ अंश लागतात, आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरी ४५ च्या वर जाते अन् लाइट कधी जाईल नेम नाही. जनरेटर नसेल तर एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत गोठण्याचा कुठलाच प्रयोग लावू नका. गरमीत उंदीर पाणी कमी पडून सुकतो, रक्त घट्ट होतं, आणि मग तुम्ही मोजता ते प्रोटीन सी नसतं, उन्हाळा असतो. दुसरं, खाणं. उंदीर स्वतःची लेंडी खातो आणि आतड्यातल्या जंतूंनी बनवलेलं व्हिटॅमिन के त्याला त्यातून मिळतं. म्हणून एका ग्रुपला जाळीच्या तळाचा पिंजरा अन् दुसऱ्याला भुशाचा असं झालं, किंवा एका ग्रुपला अँटिबायोटिक दिलं, तर व्हिटॅमिन के बदललं आणि प्रोटीन सी पण बदललं. तिसरी गोष्ट कोणीच सांगत नाही. अॅनिमल हाऊसच्या आजूबाजूला बाहेरचे उंदीर येतात म्हणून शिपाई ब्रोमाडायोलोनच्या वड्या टाकून ठेवतो. ते वॉरफरिनच्याच कुळातलं विष आहे, व्हिटॅमिन के चं काम बंद पाडतं. फीडच्या पोत्यापाशी त्याचा चुरा सांडला तर तुमचा कंट्रोल ग्रुप पार गेला. सापळे लावा, वड्या नको.

आता सुई, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. गोठण्याच्या अभ्यासात सगळ्यात मोठी गडबड उंदरात होत नाही, रक्त काढताना होते. २५ ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून दोन मिलिलिटरच्या आत रक्त. त्यातलं शेवटच्या वेळी काढताना एक मिलिलिटरच्या आसपास हाती लागलं तरी नशीब. सिरिंजमध्ये आधीच ३.२ टक्के सोडियम सायट्रेट भरून घ्या, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे ९०० मायक्रोलिटर रक्त येणार असेल तर १०० सायट्रेट. रक्त ६०० च आलं तर सायट्रेट जास्त झालं अन् सगळे टाइम खोटेच लांबले, तो नमुना बाजूला काढा, वहीत लिहा काहून काढला. पूर्ण भुलीत पोट उघडून आतडी ओल्या गॉजनं एका बाजूला सारायची की खालची मोठी शीर, आयव्हीसी, निळसर जाड दिसते. त्यात २३ किंवा २५ नंबरची सुई आडवी सरकवायची आणि हळू, अगदी हळू ओढायचं. जोरात ओढलं की शीर चिकटते, लाल पेशी फुटतात, प्लाझ्मा गुलाबी येतो. गुलाबी प्लाझ्मा सरळ फेकून द्या, जीव जळतो पण फेका. सुई एकदा आत गेली तर गेली, शोधत इकडेतिकडे खुपसलं की टिश्यू फॅक्टर सुईत शिरला आणि रक्त सिरिंजमध्येच गोठायला लागलं. शेपटी कापून नाहीतर डोळ्यामागून काढलेलं रक्त पीटी-एपीटीटीला, म्हणजे गोठायला किती सेकंद लागतात त्या टेस्टना, वापरू नका, कारण तेच.

काचेची ट्यूब वापरायची नाही, प्लास्टिकच. काच काय करते ते आपल्या पीएचसीतच पाहायला मिळतं. घोणस चावलेला माणूस आणला की नर्स दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घेते आणि न हलवता २० मिनिटं टेबलावर ठेवते. वीस मिनिटांनी ट्यूब एकदाच तिरकी करायची. चांगलं रक्त काचेला लागून घट्ट बसलेलं असतं, घोणसीच्या विषानं फॅक्टर संपलेलं रक्त पाण्यासारखं वाहतं. हीच ट्यूब साबणाच्या पावडरीनं धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही अन् डॉक्टर फसतो. तिथं काचेनं गोठणं सुरू करून द्यावं म्हणूनच काच घेतात, तुम्हाला ते नको आहे म्हणून प्लास्टिक.

रक्त आल्यावर ट्यूब चार-पाच वेळा हळू उलटीसुलटी करा, हलवून फेस काढू नका. बर्फात ठेवू नका, रूमच्या तापमानालाच ठेवा, आणि रूम म्हणजे एसी चालू असलेली रूम. १५०० जी वर १५ मिनिटं फिरवा, वरचा प्लाझ्मा दुसऱ्या ट्यूबमध्ये घेऊन पुन्हा फिरवा, कारण उंदराच्या रक्तात प्लेटलेट मायक्रोलिटरला दहा लाखांच्या आसपास असतात, आपल्यात दीड ते साडेचार लाख, एका फेरीत ते खाली बसत नाहीत. मग लहान लहान भाग करून उणे ८० ला. वापरताना ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये पटकन वितळवायचं. फ्रिजमध्ये रात्रभर हळू वितळू दिलं तर फायब्रिनोजेन अन् फॅक्टर आठ गाळासारखे खाली बसतात. एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही.

थेट एपीसी मोजायचं असेल तर सायट्रेटसोबत बेंझअमिडीन लागतं, नाहीतर एपीसी ट्यूबमध्येच संपून जातं. त्याचं आयुष्यच मिनिटांत मोजायचं असतं.

जखमेचं मॉडेल कोणतं घ्यायचं यावर पोरं तासन्‌तास बसतात, आणि शेवटी फेरिक क्लोराइड घेतात कारण ते सोपं. मानेच्या धमनीवर फेरिक क्लोराइडमध्ये भिजवलेला फिल्टर पेपरचा तुकडा दोन-तीन मिनिटं ठेवायचा, डॉपलरनं रक्त कधी थांबतं ते पाहायचं. वाईट नाही, पण लोखंडाच्या त्या तडाख्यात लाल पेशी आणि प्रोटीनं आपोआपच चिकटतात, त्यात प्रोटीन सी चा वाटा शोधणं कठीण जातं. माणसात प्रोटीन सी कमी असणाऱ्यांना त्रास मुख्यतः शिरांत होतो, पायाची शीर, फुप्फुसात गुठळी. म्हणून मी आयव्हीसीला अर्धवट आवळायच्या मॉडेलकडे झुकतो. रक्त थोडं वाहत राहतं, ४८ तासांनी गुठळी काढून वजन करता येतं. त्यात एक अडचण आहे की सगळ्याच उंदरांना गुठळी होत नाही, म्हणून आकडा वाढवावा लागतो आणि हे फॉर्म बी भरायच्या आधी माहीत पाहिजे, नंतर नाही. बाजूच्या फांदीसारख्या शिरा मोकळ्या ठेवल्या की बांधल्या हे सगळ्या उंदरांत सारखं ठेवा. सूज आणि गोठणं एकत्र पाहायचं तर एलपीएस, म्हणजे जंतूंच्या आवरणातलं विष, टोचतात. आणि बाहेरून एपीसी देणार असाल तर शेपटीचा रक्तस्राव पण पाहा, शेपटी ३७ अंशाच्या सलाईनमध्ये बुडवून, कारण थंड शेपटीतून रक्तच नीट येत नाही. पहिल्यांदा थांबलं की घड्याळ बंद करू नका, परत सुरू होतं, ठरलेला पूर्ण वेळ पाहा.

दुखणं कमी करायला औषध द्यायचंच आहे, पण अॅस्पिरिन, केटोरोलॅक देऊ नका, प्लेटलेटच बिघडतात. ब्युप्रेनॉर्फिन बरं. भुलीत उंदीर पटकन थंड पडतो, खाली गरम पॅड ठेवा, थंड उंदराचं रक्त वेगळंच वागतं.

दोन्ही ग्रुप एकाच आईबापाच्या पिल्लांतून घ्या. सी५७ ब्लॅक सिक्स आणि बाल्ब सी या लॅबच्या उंदरांच्या दोन जातींची गोठण्याची वागणूक सारखी नाही, नॉकआउट एका जातीचे अन् कंट्रोल दुसऱ्याच ठिकाणाहून विकत आणलेले असं पाहिलं की मी पुढचं पान उलटतच नाही. नर-मादी दोन्ही घ्या पण वेगळे मोजा. कोणता उंदीर कोणत्या ग्रुपचा हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला माहीत नको, मित्राला पिंजऱ्यावर कोड टाकायला लावा.

टेस्ट किट घेताना वर "ह्यूमन" लिहिलंय का ते आधी पाहा. माणसाच्या डी-डायमरची (गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा), प्रोटीन सी ची अँटिबॉडी उंदराचं प्रोटीन ओळखेलच असं नाही, किट वाया जातं अन् शून्य रीडिंगला पोरं रिझल्ट समजतात. उंदरासाठीचं थ्रोम्बिन-अँटीथ्रोम्बिन एलायझा मिळतं, ते कामाचं आहे. आणि एक मजा, माणसात प्रोटीन एस चा साधारण ६० टक्के भाग सी४बीपी नावाच्या प्रोटीनला बांधलेला असतो, म्हणून फ्री आणि टोटल वेगळं करतात. उंदरात त्या सी४बीपीची बीटा साखळीच नाही, सगळं प्रोटीन एस मोकळंच. तरी लोक उंदराचं "फ्री प्रोटीन एस" कॉलम करून आणतात. माणसाचं एपीसी उंदराला देत असाल तर तेही तितक्याच जोमानं चालेल हे धरू नका, प्रोटीन एस ची साथ प्राण्यागणिक बदलते.

डिस्कशन लिहिताना झायग्रिसची गोष्ट टाका. १९८७ मध्ये फ्लेचर टेलर आणि सोबत्यांनी बबून माकडांना जीवघेण्या डोसात ई. कोलाय दिले आणि एपीसीनं ती माकडं वाचली. त्या धाग्यावर पुढं माणसासाठीचं एपीसी औषध तयार झालं, तेच झायग्रिस, २००१ मध्ये अमेरिकेत सेप्सिससाठी मंजूर झालं, रक्तस्रावाचा धोका होताच, आणि नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीनं जगभरातून परत घेतलं. माकडांना एपीसी जंतूंसोबतच दिलं होतं, आयसीयूत येणारा पेशंट दोन दिवस ताप काढून येतो. त्यामुळे तुमच्या उंदराला औषध जखमेच्या आधी दिलं की नंतर, किती वेळानं, हे ठळक लिहा. जमलं तर नंतर दिलेला एक ग्रुप ठेवाच.

राहिलं वेळेचं. आयएईसीची मीटिंग रोज होत नाही, म्हणून जुलैत विषय, ऑगस्टमध्ये फॉर्म, दिवाळीनंतर उंदीर, असं धरा. मधल्या वेळात पॉवरचं (किती प्राणी लागतील याचं) गणित, पिपेट, सेंट्रिफ्यूज आणि बकऱ्याच्या प्लाझ्मावर हात बसवणं उरकून घ्या. अभिकर्मकं अन् अँटिबॉडी डिसेंबर-जानेवारीत मागवा, कुरिअरवाल्याला तालुक्याचा पत्ता न देता नागपूरच्या कोणाचा तरी द्या, आणि शुक्रवारी माल निघू देऊ नका, नाहीतर ड्राय आइस रस्त्यातच उडून जातो अन् सोमवारी हाती कोमट डबा येतो.